पावरीचं तोंड

पुंजा भोयेच्या पावरीला वास यायचा. जुन्या मेणाचा, वाळक्या भोपळ्याचा, बैलाच्या शिंगाचा, मोहाच्या दारूचा, आणि या सगळ्यांवर पुंजाच्या स्वतःच्या तोंडाचा. पेठच्या पलीकडे, डांबरी रस्ता संपल्यावर ओहोळ ओलांडून जावं लागतं अशा एका पाड्यावर त्याचं घर होतं. घरात पावरी ज्या खुंटीला टांगलेली असे, तिच्याच खाली त्याच्या बायकोने, भागीबाईने, पोराची झोळी बांधली होती. त्या पोराचं नाव यादव. यादवला झोप लागायची ती या वासात. पुढे शहरातल्या माणसांनी याच वासाला नाक मुरडलं तेव्हा त्याला आधी कळेचना, की यांना वास येतोय तरी कशाचा.

पावरी हे फुंकायचं वाद्य. भोपळा पोकळ करून वाळवायचा, त्याच्या एका अंगाला फुंकायचं तोंड बसवायचं, दुसऱ्या अंगाला बोटं फिरवायच्या बांबूच्या नळ्या, आणि नळ्यांच्या टोकाला शिंग. सांधे मेणाने बुजवायचे. एकदा वाजायला लागली की ती थांबत नाही. वाजवणारा नाकाने श्वास ओढतो आणि गालात साठवलेला वारा आत ढकलत राहतो, म्हणून सूर तुटत नाही. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव आला की पुढे पुंजा आणि त्याच्यामागे हातात हात गुंफून नाचणारे बाप्ये, असं दिवसच्या दिवस चालायचं. देवाला बोलवायची एक चाल होती. पुंजा ती सगळ्यांत आधी वाजवायचा. तिच्याशिवाय पुढचं काही सुरू व्हायचं नाही, आणि ती कोणाच्या करमणुकीसाठी वाजवायची नाही, हे पाड्यावरच्या लहान पोरालाही ठाऊक होतं.

आणखी एक शिस्त होती. पावरीला तोंड एकाचंच. दुसऱ्या कोणी हात लावला तर चालेल, ओठ लावायचे नाहीत.

यादवला पुंजाने शिकवलं ते पाण्यावर. पपईच्या पानाचा पोकळ देठ आणि पाण्याने भरलेलं पातेलं.

"फुंक. बुडबुडं थांबलं नाय पायजे."

पोर लालबुंद व्हायचं, नाकात पाणी जायचं, ठसका लागायचा. आतून भागीबाई ओरडायची, "मारशील त्याला!"

"मरत नाय तो. दम कुठून आणायचा ते शिकतोय," पुंजा म्हणायचा.

एका पावसाळ्यात बुडबुडे थांबायचे थांबले.

भात आणि नागली घरात आली की पाडा रिकामा व्हायचा. भोये मंडळी दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत जायची. बांधाला प्लास्टिकच्या कागदाची पालं ठोकायची आणि डोळे फुटावेत म्हणून वेलीच्या काड्यांना पेस्ट लावण्यापासून द्राक्षं उतरवेपर्यंत तिथंच राहायचं. फक्त डोंगऱ्यादेवासाठी पुंजा चार दिवस मागे यायचा. किळस म्हणजे काय हे यादव त्या बागांत शिकला, आणि ती दोन्ही बाजूंनी असते हेही तिथंच शिकला. बागायतदाराची म्हातारी आई मजुरांना पाणी द्यायची ते उंचावरून, ओंजळीत. तांब्याचा काठ त्यांच्या बोटांना लागू नये म्हणून ती तांब्या आणखी वर उचलायची आणि निम्मं पाणी मातीत जायचं. वाकून ओंजळ धरलेली आपली आई यादव बघत राहायचा. एके दिवशी त्याच घरातल्या सुनेने आमटीचं पातेलं आणून दिलं. "तुमच्या पोरांना होईल," म्हणाली. भागीबाईने हसून घेतलं. झाकण काढलं तर आमटीला तार सुटलेली, वर पांढरी साय धरल्यासारखी बुरशी. तिने पालामागे खड्डा खणला आणि आमटी पुरली.

"कुत्र्याला घालायची ना," यादव म्हणाला.

"कुत्र्यानं काय वाईट केलंय आपलं?"

पुंजाच्या पाठीवर फवारणीचा पंप असे. तोंडाला बांधायला फडकं, तेही औषधाने ओलं. संध्याकाळी तो पालात आला की गंधकाचा आणि कसल्यातरी गोडसर कडू औषधाचा भपका त्याच्याबरोबर आत यायचा. हळूहळू त्याच्या तोंडाचा वास बदलला. पावरीचाही बदलला. मग एका मार्गशीर्षात, डोंगराच्या चढावर, भर सकाळी पुंजाला खोकल्याची उबळ आली आणि देवाला बोलवायच्या चालीतच सूर तुटला. नाचणारे जागच्या जागी उभे राहिले. पुंजा दगडावर बसला, विस्तवावर मेण मऊ करून त्याने पावरीचं तोंड उपटलं, झुडपात फेकलं, कमरेच्या पिशवीतून नवी नळी काढून बसवली आणि पावरी यादवच्या हातात दिली. म्हणजे नळी तो घरून घेऊनच निघाला होता. आपला दम संपणार हे त्याला आधीच कळलं होतं.

त्या दिवसापासून पावरी यादवची झाली.

सुरगाण्याकडच्या सरिताशी त्याचं लग्न झालं आणि दोघांनी ठरवलं, बागेत जायचं नाही. पंप पाठीवर घ्यायचा नाही. नाशिकला जायचं. पेठ नाक्याच्या पुढे नाल्याच्या कडेला वस्ती होती, तिथं पत्र्याची खोली मिळाली. रोज सकाळी नाक्यावर उभं राहायचं. कोणी सेंट्रिंगला नेई, कोणी खोदाईला. नाल्यात शहराची सगळी घाण वाहत यायची आणि पावसात ती दारापर्यंत चढायची. सरिता उंबऱ्याशी विटा रचायची आणि गाणी म्हणायची, लावणीच्या वेळी भातखाचरात म्हणतात ती. "नाक बंद ठेवून गाता येतं का बघते," असं ती म्हणे. यादव हसायचा, पण त्याला घास गिळवत नसे.

वस्तीतल्या एका लग्नात तो हळदीला वाजवत होता. कोणीतरी मोबाइलवर चित्रण करून पुढे पाठवलं आणि फिरत फिरत ते प्रफुल्लपर्यंत पोचलं. प्रफुल्ल हा गाणी बनवणारा माणूस. इंदिरानगरात एका बंगल्याच्या तळघरात त्याचा स्टुडिओ होता. तो स्वतः गाडी घेऊन वस्तीत आला, पण नाल्याच्या अलीकडेच थांबला आणि काच खाली करून त्याने यादवला बोलावून घेतलं.

"दादा, तुमच्याकडे सोनं आहे, सोनं," तो म्हणाला. बोलताना त्याने नाकावर दोन बोटं धरली होती.

स्टुडिओत गालिचा होता, एसी होता, आणि कुबट वास होता. कधीच ऊन न लागलेल्या कापडाचा. कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात गुटख्याच्या पुड्या आणि त्यांवर लाल थुंकी. रेकॉर्डिंग करणारा मुलगा अमित, कानाला हेडफोन लावून बसलेला. त्याने पावरी पाहिली आणि खुर्ची मागे सरकवली.

"हे शिंग खरं आहे? बैलाचं?"

"हो."

"शी! सर, हे माइकजवळ न्यायचं?" त्याने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. "यावर ठेवा. आणि आतून वास कसला येतोय?"

"मोहाची. वाजवायच्या आधी ओली करावी लागते."

प्रफुल्ल हसला. "अरे, हाच तर फील आहे!" पण तोही जवळ आला नाही. अमितने ड्रॉवरमधून सॅनिटायझरची बाटली काढली आणि यादव काही म्हणायच्या आत पावरीच्या तोंडावर फस्कन फवारा मारला. आत, बाहेर, सगळीकडे. यादवने ओठ लावले आणि जिभेवर तीच चव आली. पुंजाच्या फडक्याची. पोटातून उमळून आलं. त्याने ते गिळलं. हे त्याला पुढे फार दिवस आठवत राहिलं, की त्याने ते गिळलं.

वाजवायच्या आधी तो नेहमी पावरी लावून बघायचा. ओल बसलीय का, मेण कुठं सुटलंय का. बोटं आपोआप जायची ती देवाला बोलवायच्या चालीवर. पहिले काही सूर घ्यायचे आणि थांबायचं, पुढे जायचं नाही. काचेपलीकडचा लाल दिवा तेव्हाच लागलेला होता. त्याला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

मग कानात टकटक सुरू झाली. "या ठोक्यावर वाजवा." ठोका कुठं झुकत नव्हता, कोणासाठी थांबत नव्हता. यादवने वाजवलं. अमित म्हणाला, सूर कीबोर्डला जुळत नाहीत, पण हरकत नाही, नंतर ठीक करता येतील. संध्याकाळी त्याने ठीक केलेलं ऐकवलं.

"बघा दादा, सगळी घाण काढून टाकलीय."

"कसली घाण?"

"श्वासाचे आवाज. थुंकीची खरखर. तुम्ही पाय आपटत होता, ते."

यादवने ऐकलं. पावरीच होती. पण सूर सरळ, एका उंचीचे, चकचकीत; एखाद्याचे खरे दात उपटून कवळी बसवावी आणि म्हणावं हस, तसे. त्याला वाटलं, आपल्याला यातलं काय कळतंय. तो घरी आला.

गाणं आलं आणि शहरभर झालं. डोंगरातल्या एका पोरीवर होतं ते. तिच्या टोपलीवर, तिच्या कमरेवर, दर ओळीला दोन अर्थ. चित्रफितीत गुडघ्याच्या वर पातळ नेसलेली एक बाई धबधब्याखाली नाचत होती आणि तोंडात बोट घालून बघत होती. सरिताने शेजारणीच्या मोबाइलवर ते पाहिलं आणि मोबाइल उलटा ठेवला. "आमच्याकडं कोण असं नेसतं?" एवढंच ती म्हणाली. शेजारीण हसत होती.

पण खरं घडलं ते पंचवटीत. दुपारची वेळ, कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाची मिरवणूक, ट्रकवर माणसापेक्षा उंच स्पीकर, त्यावर डीजेसाठी वाढवलेलं तेच गाणं. यादव आणि सरिता बाजार घेऊन येत होते. गाणं थांबलं, क्षणभर शांतता झाली, आणि स्पीकरमधून देवाला बोलवायची चाल निघाली. नुसती चाल. पहिले सूर, जिथं यादव थांबला होता तिथपर्यंत. मग तेच पुन्हा, आणि पुन्हा, चाकात अडकलेल्या चिंधीसारखे. खालून ढोल घुसला आणि पोरं उड्या मारू लागली. ट्रकच्या चाकाशी एक पोरगा वाकून ओकत होता. दुसरा त्याची पाठ थोपटत त्याच ठोक्यावर नाचत होता. ओकारीचे शिंतोडे सरिताच्या पायावर आले.

"हे तर…" ती म्हणाली.

"माझंच," यादव म्हणाला. त्याला दरदरून घाम फुटला होता. बाजाराची पिशवी रस्त्यावर ठेवून तो भिंतीला टेकला आणि त्यालाही ओकारी झाली. आजूबाजूच्यांनी त्याला बघून बाजूला होत नाक दाबलं. त्यांना वाटलं, हाही त्यातलाच.

दुसऱ्या दिवशी तो प्रफुल्लकडे गेला.

"ती चाल काढून टाका. ती देवाची आहे. मी ती तुम्हाला दिली नव्हती."

"वाजवली तर तुम्हीच."

"वाजवली नव्हती. लावून बघत होतो."

प्रफुल्ल चिडला नाही. यादवला त्याचीच जास्त शिसारी आली, की हा चिडतसुद्धा नाही. "दादा, बाहेर गेलेलं गाणं परत कसं आणू? आता ते लोकांचं झालं. आणि वाईट काय झालं सांगा? देव घराघरात गेला." त्याने यादवच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हात काढून नकळत स्वतःच्या पँटला पुसला. "तुमच्यासाठी एक चांगलं काम आहे बघा. रोज सेंट्रिंग करण्यापेक्षा बरं."

यादवला ते नाकारायचं होतं. पण सरिताला दिवस गेले होते, नाल्याच्या वासाने तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं, आणि खोली बदलायची तर रोजचं काम हवं होतं. तो गेला.

काम धरणाच्या पाण्याजवळ होतं, वाइन बनवणाऱ्या एका रिसॉर्टवर. पुढे हिरवळ, मागे द्राक्षांचे मांडव. मांडव बघताच त्याला पुंजाच्या पाठीवरचा पंप आठवला, पण इथं कोणी पाहुणा मांडवात काम करायला येत नव्हता. फोटो काढायला येत होता. तिथली सगळी व्यवस्था बघणाऱ्या मीना मॅडमनी त्याला कपडे दिले. कपडे कसले, प्लास्टिकच्या पानांचा घागरा, गळ्यात कवड्या, आणि दंडावर पांढऱ्या रंगाने काढायची वारल्यांची चित्रं.

"मॅडम, आम्ही कोकणा जमातीचे. वारली नाही. आणि अशी पानं आमच्यात कोणी…"

"गेस्टना कुठं माहितीय?" त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. वाईट बाई नव्हत्या. जेवायच्या वेळी स्वतः विचारायच्या, जेवलात का म्हणून.

यादव दारातल्या दगडावर बसायचा आणि वाजवायचा. देवाची चाल सोडून बाकी सगळं. पानांचा घागरा मांड्यांना कापायचा. आंबलेल्या द्राक्षांचा वास दिवसभर अंगावर बसायचा आणि तो अंघोळ करून घरी गेला तरी सरिता तोंड फिरवायची. एका रविवारी पाहुण्यांचा एक घोळका आला. हातात पेले, ओठ जांभळे. त्यातल्या एकाने यादवने गुडघ्यावर ठेवलेली पावरी विचारल्याशिवाय उचलली.

"दादा, एक फोटो."

"साहेब, हात लावा, पण तोंड…"

त्याने तोंड लावलंच होतं. गाल फुगवून फुंकलं. पादल्यासारखा आवाज आला आणि सगळे खो खो हसले. मग त्याच्या बायकोने घेतली. मग मेव्हण्याने. मग आणखी कोणी. पावरी हातोहात फिरली, आणि ज्याच्या हातात जाई तो फुंके, तोंड वेडंवाकडं करी, म्हणे, "ईऽऽ, काय घाण वास आहे!" आणि पुढच्याकडे देई. यादव उभा राहून एकेकाच्या मागे हात पुढे करून फिरत होता, आणि त्याच्या घागऱ्याची पानं सळसळत होती, आणि त्याचाही कोणीतरी फोटो काढत होतं.

पावरी परत हातात आली तेव्हा तिच्या तोंडाला लिपस्टिक होती. वाइनचा ओघळ भोपळ्यावर आला होता. आतून अनोळखी थुंकी गळत होती.

मीना मॅडम लगबगीने आल्या. "यादव, गेस्ट आहेत. धुऊन घ्या ना."

"धुऊन जातं का हे?" तो म्हणाला.

त्याने घागरा तिथंच हिरवळीवर सोडला. खाली हाफ पँट होती. सदरा घातला आणि पावरी उलटी धरून, आतलं गळू देत, तो रस्त्यापर्यंत चालत गेला. मागून हसण्याचा आवाज आला. तो आपल्यावर की दुसऱ्या कशावर, हे त्याने वळून पाहिलं नाही.

तो सरिताला घेऊन पाड्यावर आला. मेण मऊ करून पावरीचं तोंड उपटलं, जाळलं, नवं बसवलं. वाजवून पाहिलं. भोपळ्यातून वाइनचा वास आलाच. राखेने घासलं, उन्हात ठेवलं, मोहाची ओतली, तरी ओठ लावले की तो पावरी खाली ठेवायचा. नेमका वास भोपळ्यात होता की त्याच्या डोक्यात, हे त्याला सांगता आलं नसतं.

पुंजा आता ओट्यावरच बसलेला असे. त्याला यादवने सगळं सांगितलं. चालीचंही सांगितलं. पुंजा शिव्या देईल असं त्याला वाटलं होतं.

"ऐकव," पुंजा म्हणाला.

यादवने मोबाइलवर गाणं लावलं. म्हाताऱ्याने मोबाइल कानाला धरला आणि डोळे बारीक करून शेवटपर्यंत ऐकलं. नाचणारी बाई त्याला दिसत नव्हती, ते एक बरं होतं.

"यात हा दम कधी घेतो?"

"कोण?"

"वाजवणारा. कवाधरनं ऐकतोय. दमच घेत नाय. मेलेलं माणूस वाजवतंय व्हय रे?"

"दम कापून टाकला, बा."

"का?"

"घाण वाटते त्यांना."

पुंजाने मोबाइल परत दिला आणि धोतराला हात पुसले. मग म्हणाला, "भोपळाच बदल. आन् तू केलंस ते बरं नाय केलंस. देवाला सांगून ये डोंगरावर." समजूत काढली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. दोन दिवस तो यादवशी बोलला नाही. भागीबाई दोघांना वेगवेगळं वाढायची आणि दोघांवरही करवादायची.

भोपळा दुकानात मिळत नाही. वेल लावावा लागतो, फळ वेलीवरच जून होऊ द्यावं लागतं, मग ते वाळायला टांगायचं. यादवने ते सगळं केलं. त्या पावसाळ्यात त्याची मुलगी दिशा जन्मली आणि मांडवावरचे भोपळे बोटभर होते तेव्हा ती पालथी पडायला लागली. त्या मार्गशीर्षात तो डोंगरावर गेला, पण पावरीशिवाय. दुसऱ्या पाड्यावरचा माणूस वाजवत होता आणि यादव मागे हातात हात गुंफून नाचला. देवाला काय सांगितलं ते त्याने कोणाला सांगितलं नाही.

नवी पावरी झाली. शिंग तेच, बाकी सगळं नवं. आणि तिला वास नव्हता. त्याचंच यादवला नवल वाटायचं. नव्या मडक्यासारखी कोरी.

अमितचा फोन आला तो त्यानंतर. प्रफुल्लचं काम त्याने सोडलं होतं. नाशिकरोडहून एकलहऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर एक गाळा घेऊन त्याने स्वतःचा लहानसा स्टुडिओ टाकला होता. "एकदा या," म्हणाला. यादवने फोन ठेवून दिला. अमितने पुन्हा केला. मग तो पाड्यावरच आला, ओहोळातून बूट हातात घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. भागीबाईने त्याला पाणी दिलं. तांब्यात तरंगणारी मुंगी त्याने पाहिली, बोटाने काढली आणि पाणी प्यायला. हे यादवने पाहिलं.

"तुम्हाला एक ऐकवायचंय," अमित म्हणाला. "तेव्हा कापलेलं मी टाकलं नव्हतं." त्याने हेडफोन दिला. नुसते श्वास होते. एकामागून एक, नाकाने ओढलेले, ओले, घरघरणारे. अमित त्याच्या चेहऱ्याकडे आशेने बघत होता. त्याला वाटत होतं, या माणसाच्या डोळ्यांत पाणी येईल.

यादवने हेडफोन ओरबाडून काढला. "शी! मरायला टेकलेल्या माणसाजवळ बसल्यासारखं वाटतंय. पुसून टाका ते."

"मी म्हटलं, तुम्हाला…"

"नुसता दम कोण ऐकतं? सुराबरोबर असतो तो. सुराबरोबरच ठेवायचा."

अमित ओशाळला. मग म्हणाला, "तसं करू या का?"

यादवने लगेच होकार दिला नाही. सरिताने त्याला बाजूला नेऊन विचारलं, "तुम्हाला वाजवायचं का नाय वाजवायचं, ते सांगा. त्याचा राग घेऊन बसलात तर पावरीला वाळवी लागंल." तो परत आला आणि त्याने आपलं म्हणणं मांडलं. कानात टकटक नको. पावरीवर काही फवारायचं नाही. मी सांगीन तेव्हाच लाल दिवा लावायचा. आणि देवाची चाल मागायची नाही, कधीच. अमित सगळ्याला हो म्हणाला. त्याचा हो खरा की खोटा हे तिथं जाऊन वाजवल्याशिवाय कळणार नव्हतं.

एकलहऱ्याच्या गाळ्यात वीजकेंद्राची राख उडून यायची. खिडकी बंद असली तरी सगळ्यावर करड्या रंगाची साय धरायची. यादव आधी ओठ पुसायचा, मग पावरीचं तोंड पुसायचा, आणि मग अमितकडे बघून मान हलवायचा. पहिल्या ध्वनिमुद्रणात सरिता भातलावणीची गाणी गायली आणि तो तिच्या मागे वाजवत गेला. मध्येच दिशा रडली. तेही आत गेलं. दुसऱ्यांदा नुसती पावरी. ते कुठून कसं पसरलं कोणास ठाऊक. पुण्याच्या एका नाटकवाल्याने बोलावलं, मग एका माहितीपटासाठी, मग मुंबईच्या एका चित्रपटासाठी. आता त्याचं नाव छापून येतं. नाशिकमधली नवी खोली नाल्यापासून लांब आहे.

किळस मात्र गेली नाही. मुंबईच्या स्टुडिओत कॉफी देणाऱ्याने त्याच्यासाठीच कागदी पेला आणला, बाकीच्यांना चिनीमातीचे. यादवने तो तसाच ठेवला. एका समारंभात सूत्रसंचालक बाई त्याच्याजवळ येऊन म्हणाल्या, "किती मातीचा सुगंध आहे हो तुमच्या वाद्याला!" त्याने पावरी त्यांच्या नाकाजवळ धरली. त्या दचकून मागे झाल्या आणि सभागृह हसलं. तो हसला नाही. चित्रपटाच्या संगीतकाराने "ती डीजेवाली चाल" मागितली, तेव्हा तो पावरी पिशवीत घालून उठला. संगीतकार दारापर्यंत आला आणि म्हणाला, बरं, दुसरं काही वाजवा. मग तो परत बसला.

मागच्या महिन्यात पेठच्या बसस्टँडवरच्या हॉटेलात तो चहा घेत होता. हॉटेलवाल्याच्या मोबाइलवर योगायोगाने त्याचीच पावरी लागली, श्वासासकट. शेजारच्या टेबलावरचा माणूस भजं चावत म्हणाला, "बंद कर रे ते. कोण धापा टाकतंय? खाल्लेलं वर येतंय."

हॉटेलवाल्याने बदललं.

यादव त्या माणसाकडे बघत राहिला. हनुवटीवर चटणी ओघळलेली, बोटं तेलकट. राग आला नाही त्याला, नुसता वीट आला. चहाचे पैसे ठेवून तो उठला आणि पाड्याकडच्या जीपमध्ये जाऊन बसला. पुंजाची तब्येत बरी नव्हती. आणि येत्या आठवड्यात अमित सगळं सामान घेऊन पाड्यावर येणार होता; सरिताच्या ओळखीतल्या बायका खाचरात उभ्या राहून गाणार होत्या आणि ते तिथंच, चिखलात, मुद्रित करायचं ठरलं होतं. वीज नसली तर काय करायचं, याचा विचार यादव जीप सुटेपर्यंत करत होता.